मुलांच्या मागोमाग शाळा नेणाऱ्या अनुताई वाघ

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची भूमी पूर्व-पश्चिम अशी दुभंगलेली आहे. पूर्वेला कुकडी व घोड नद्यांच्या पाण्यावर उभी राहिलेली बागायती शेती, नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठा आणि विघ्नहर व भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी समाजाची डोंगरी गावे, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे. शिक्षकाच्या हातातील हजेरीपटावर मात्र दोन्ही बाजूंची अडचण एकाच खुणेने उमटते. पश्चिमेकडे भातलावणी सुरू झाली वा हिरडा वेचण्याचे दिवस आले, की मुलेही घरच्यांबरोबर रानात जातात. पूर्वेकडे गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात आणि इथल्या कोणत्याच हजेरीपटावर नाव नसलेली मुले उसाच्या फडाभोवती दिसू लागतात.

गैरहजेरीची ही खूण कुणाच्या नावावर मांडायची, मुलाच्या, पालकांच्या की शाळेच्या, हा वाद जुना आहे. हार्टोग समितीने १९२९ मध्येच प्राथमिक शाळांतील गळतीकडे आणि एकाच इयत्तेत साचून राहणाऱ्या मुलांकडे बोट दाखविले होते. मुंबई राज्याने १९४७ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून सक्तीचा मार्ग धरला. मूल शाळेत येत नसेल तर त्याला आणले पाहिजे, आणि पालक पाठवत नसतील तर त्यांना भाग पाडले पाहिजे, असा त्यामागचा सरळ विचार होता. त्याच सुमारास ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावात, पुण्याची सरळ चाललेली नोकरी सोडून आलेली एक शिक्षिका या प्रश्नाचा अगदी वेगळा अर्थ लावू पाहत होती. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर आधी मुलाच्या दिवसभराच्या कामांत शोधायचे आणि मग शाळेलाच त्याप्रमाणे वाकवायचे, हा तो अर्थ. या शिक्षिकेचे नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. जुन्नर तालुक्यातील ओझर आणि लेण्याद्री जसे अष्टविनायकांपैकी, तसेच मोरगावही. पण ज्या काळात त्या जन्मल्या, त्या काळात अशा गावांतील मुलीच्या शिक्षणाला लग्नाची सीमा होती. वयाच्या तेराव्या वर्षी अनुताईंचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच पतीचे निधन झाले. बालविधवेचे पुढचे आयुष्य म्हणजे स्वयंपाकघराचा कोपरा, हे तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरांत ठरलेलेच असे. माहेरच्या आधाराने अनुताईंनी हा कोपरा नाकारला. मराठी सातवीची परीक्षा त्यांनी दिली, पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि १९२९ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे त्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते.

त्यानंतर त्या पुण्यात हुजूरपागेत आल्या. १८८४ मध्ये स्थापन झालेली ही शाळा मुलींच्या शिक्षणातील मानाचे ठिकाण. तेथे शिक्षिका असणे म्हणजे प्रतिष्ठा, नियमित वेतन आणि शहरातील सुरक्षित जीवन. अनुताईंना मात्र स्वतःचे अपुरे शिक्षण सलत होते. दिवसा फळ्यासमोर उभे राहायचे आणि संध्याकाळी रात्रशाळेच्या बाकावर बसायचे, असा क्रम त्यांनी चालू ठेवला आणि १९३७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या. पुढे बी.ए. ची पदवी मिळाली ती १९६१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर. मधली वर्षे आदिवासी मुलांच्या शाळेत गेली. त्यांच्या चरित्रातील हा तपशील बहुधा चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. त्याला आणखी एक बाजू आहे. ठरलेल्या वयात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या इमारतीत शिकता आले नाही म्हणून माणूस शिकण्यास अपात्र ठरत नाही, हे अनुताईंना कुणा शिक्षणतज्ज्ञाच्या पुस्तकातून कळण्याची गरज नव्हती. रात्रशाळा नसती तर त्या स्वतःच गळतीच्या आकड्यात जमा झाल्या असत्या.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते १९४५ मध्ये. आदल्या वर्षी कस्तुरबा गांधींचे निधन झाले होते आणि त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या निधीतून खेड्यांतील स्त्रिया व मुलांसाठी कार्यकर्त्या तयार करण्याची शिबिरे भरत होती. बोरिवली येथील अशाच शिबिरात अनुताई दाखल झाल्या आणि तेथे त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली.

ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, बालशिक्षणातील मान्यवर होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली त्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि पुढे दादरच्या शिशुविहारमुळे मुंबईतील सुशिक्षित घरांत त्यांचे नाव झाले होते. मारिया माँटेसरी यांची पद्धती या मंडळींनी आपलीशी केली होती. परंतु हे बालशिक्षण शहरातील, फी भरू शकणाऱ्या घरांच्या पलीकडे जात नाही, ही ताराबाईंची खंत होती. ज्या माँटेसरींनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले, त्यांचीच पद्धती भारतात श्रीमंतांची मिरासदारी व्हावी, हे त्यांना मानवत नव्हते. बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू करायचे त्यांनी ठरविले आणि साथीला अनुताईंना बोलावले. अनुताईंनी हुजूरपागा सोडली. त्या वेळी त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्याच परिसरात गेली.

बोर्डीची बालवाडी सुरू झाली आणि पहिल्याच टप्प्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बालवाडी सर्वांसाठी खुली होती, परंतु हरिजनवाड्यातील मुले तिकडे फिरकत नव्हती. कागदावर सर्वांना प्रवेश होता. प्रत्यक्षात गावाच्या मधल्या भागातील त्या इमारतीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजण्यासारखे नव्हतेच. अस्पृश्यतेची दहशत, अंगावरच्या फाटक्या कपड्यांचा संकोच आणि कामावर जाणाऱ्या आईवडिलांना मुलांना पोहोचविण्यास नसलेली सवड, हे सारे त्या अंतरात सामावलेले होते. अशा वेळी दोन मार्ग संभवतात. वस्तीतील लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून द्यायचे आणि त्यांची वाट पाहायची, हा एक. ताराबाई आणि अनुताईंनी दुसरा धरला. मुले येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या वस्तीत भरवायची. घरासमोरच्या अंगणात, झाडाच्या सावलीत मुले गोळा करून शिक्षिका बसू लागल्या. या अंगणातल्या बालवाडीलाच पुढे अंगणवाडी हे नाव मिळाले.

हे लिहिण्याइतके सोपे मात्र नव्हते. अनोळखी, स्वच्छ कपड्यांतील बाई दिसल्या की मुले पळत. त्यांना जवळ करणे, नदीवर-विहिरीवर नेऊन अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे, खरजेवर औषध लावणे ही शिक्षिकेची पहिली कामे ठरली. अक्षरओळख त्यानंतरची. उच्चवर्णीय घरातून आलेल्या, स्वतः वैधव्याचे निर्बंध भोगलेल्या स्त्रीने १९४५ साली हरिजनवाड्यातील मुलांची डोकी धुवावीत, याचा गावात काय अर्थ लावला गेला असेल, त्याची कल्पना करता येते. प्रश्न साधनांचाही होता. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग, ती खेड्यात परवडण्यासारखी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या, दगडगोटे आणि माती आली. पद्धतीचे तत्त्व ठेवायचे आणि सामग्री गावची घ्यायची, ही तडजोड नव्हती. मुलाच्या हाताला ओळखीची वस्तू दिली, की ते लवकर रमते, असा त्यातून आलेला अनुभव होता.

बोर्डीनंतरचा मुक्काम कोसबाड. चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या घोलवडजवळची ही टेकडी. १९५७ च्या सुमारास ताराबाई आणि अनुताई तेथे आल्या आणि त्यांचा खरा कस लागला. भोवतालचे पाडे प्रामुख्याने वारल्यांचे. त्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या. वेठबिगारीविरुद्ध गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये याच भागात वारल्यांनी उठाव केला होता. गवतकापणीच्या मजुरीसाठी संपही झाले होते. लोक ताठ उभे राहू लागले होते. पोटाची ददात मात्र संपलेली नव्हती. अशा घरात पाच-सहा वर्षांचे मूल हे विद्यार्थी नसते, ते घरच्या कामाचा एक हात असते.

कोसबाडच्या शाळेत मुले जमली आणि गेली, पुन्हा जमवली आणि पुन्हा गेली. शिक्षक पाड्यावर जाऊन बोलावून आणत. चार दिवस पट भरे, पाचव्या दिवशी शाळा ओस पडे. येथे अनुताईंमधील मूळची शिक्षिका उपयोगी पडली. मुले आळशी आहेत, पालक अडाणी आहेत, या नेहमीच्या निष्कर्षावर न थांबता, शाळेच्या वेळेत ही मुले नेमकी असतात कोठे, याचा मागोवा घेतला गेला. उत्तर घरोघर सारखेच होते. मुलगा गुरांमागे रानात. मुलगी घरी, कडेवर धाकटे भावंड. आई-बाप मजुरीला. शाळेची सकाळी भरून दुपारी सुटणारी घंटा या दिनक्रमात कोठेच बसत नव्हती.

मग प्रत्येक कारणाला शाळेने स्वतंत्र उत्तर द्यायचे ठरले. मुलींच्या कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर काढण्यात आले. तान्ही बाळे पाळणाघरात, त्याहून मोठी बालवाडीत आणि ताई प्राथमिक शाळेत, आणि हे सारे एकाच आवारात. विकासवाडी या नावाने ओळखली गेलेली ही रचना दिसायला साधी, पण तिच्यामागचे निरीक्षण मूलगामी होते. मुलीला शाळेत आणायचे तर तिच्या भावंडाची सोय आधी केली पाहिजे. म्हणजे मुलींच्या हजेरीचा प्रश्न हा प्रत्यक्षात तान्ह्या बाळांचा प्रश्न आहे. मोठी बहीण आवारातच असल्याने लहानगी रडत नसत, आणि लहान वयातच शाळेचा परिसर ओळखीचा झाल्याने पुढे पहिलीत जाताना त्यांना बुजल्यासारखे होत नसे. शासनाच्या कागदावर पाळणाघर एका खात्याचे, बालवाडी दुसऱ्या आणि शाळा तिसऱ्या खात्याची असते. मुलीच्या कडेवर मात्र ही तिन्ही खाती एकाच वेळी बसलेली असतात.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे सोडून मुलगा शाळेत येऊ शकत नाही, तर शिक्षकाने कुरणात जावे. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. मोजणीला गुरे आणि दगड, निसर्गाभ्यासाला आजूबाजूची झाडे, पक्षी आणि ओढा. खरे तर या विषयात मुलेच शिक्षकापेक्षा पुढे. कोणत्या झाडाचा पाला कशावर चालतो, कोणता पक्षी कुठे घरटे करतो, हे त्यांना ठाऊक. नाच आणि गाणे तर त्यांच्या रक्तातच. शाळेत मुकी वाटणारी मुले कुरणात बोलू लागली. शाळेची प्रमाण मराठी आणि घरची वारली बोली यांतील दरी हे मुलांच्या मौनाचे मोठे कारण होते. मुलांची बोली ऐकून, त्यांच्या शब्दांवरून पुढे जाण्याचा परिपाठ येथे पडला. दिवसा मुळीच न येऊ शकणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या बाईंना त्यांचे मोल सांगावे लागले नसेल.

कुरणशाळेबद्दल एक आक्षेप घेता येतो आणि तो क्षुल्लक नाही. शाळाच गुरांमागे गेली, तर मुलाने गुरे राखावीत हे शाळेने मान्य केले, असा त्याचा अर्थ होत नाही काय? बालमजुरी आणि शिक्षण यांचा समझोता करून गरिबांच्या मुलांना कमी प्रतीची शाळा देण्याचा धोका यात आहेच. पुढे अनौपचारिक शिक्षणाच्या नावाने देशभर जी केंद्रे निघाली, त्यांतील कित्येक ठिकाणी हा धोका खरा ठरला. अपुऱ्या मानधनावर नेमलेला कार्यकर्ता, तासभराचा वर्ग आणि पुढे कोठेच न जाणारी वाट. कोसबाडचा फरक असा, की तेथे कुरणशाळा ही प्राथमिक शाळेची पर्यायी नव्हती, तिच्या दारापर्यंत आणणारी होती, आणि कुरणात जाणारा शिक्षक दुय्यम समजला जात नव्हता. नक्कल झाली ती बाह्य रूपाची. हा दोष कल्पनेचा की ती राबविणाऱ्यांचा, यावर मतभेद होऊ शकतात. माघारी न येणारे मूल मात्र दोन्ही बाजूंनी तेच असते.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अठ्ठावीस वर्षांची जोडी फुटली. तोवर अनुताई सार्वजनिकरीत्या ताराबाईंच्या सहकारी म्हणूनच ओळखल्या जात. वयाने अठरा वर्षांनी वडील आणि कीर्तीने मोठ्या असलेल्या व्यक्तीच्या सावलीत राहून त्यांनी कोठे तक्रारीचा सूर काढल्याचे दिसत नाही. त्यानंतरची एकोणीस वर्षे संस्थेचा सारा भार त्यांच्यावर होता. बालवाडी चालविणाऱ्या शिक्षिकांसाठी त्यांनी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली, शिक्षण पत्रिकेचे संपादन केले, आणि खेड्यातील मुलींना शिक्षिका म्हणून तयार करण्याकडे विशेष लक्ष दिले. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मकथन या सर्व वाटचालीचा दस्तऐवज आहे. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल या संस्थेची उभारणी केली, तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. १९८५ मध्ये पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार असे दोन सन्मान त्यांना लाभले.

दरम्यान बोर्डीच्या अंगणातला शब्द दिल्लीपर्यंत पोहोचला होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांमधून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव दिले. आज हा शब्द देशातील बहुतेक भाषांत रूढ आहे. नाव घेताना आशयातील काही भाग वाटेत सांडला, हेही नोंदवले पाहिजे. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांना शासकीय अंगणवाडीत अग्रक्रम मिळाला आणि तो आवश्यकही होता, पण मुलाच्या शिक्षणाचा भाग मागे पडला. अंगणवाडी सेविकेला वेतनाऐवजी मानधन मिळते, आणि ज्या कामाला अनुताईंनी हुजूरपागेच्या नोकरीहून श्रेष्ठ मानले, ते आजही शिक्षिकेचे काम समजले जात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला. सहा वर्षांखालील मुले त्या हक्काबाहेरच राहिली. तीन वर्षांपासूनच्या मुलांना शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेण्याची भूमिका राष्ट्रीय पातळीवर आली ती २०२० च्या धोरणात, अनुताईंच्या निधनानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचे निधन झाले.

त्यांच्या जन्मजिल्ह्यात, घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पामार्फत जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगराळ भागात आज निवासी आश्रमशाळा चालतात. मुलाला घरापासून दूर नेऊन त्याची हजेरी टिकवायची, हा तो मार्ग आहे. अनुताईंचा मार्ग उलट दिशेचा होता, घराकडे जाणारा. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात भरलेल्या साखरशाळा आणि मजूर जेथून येतात त्या बीड, अहिल्यानगरकडील गावांतील हंगामी वसतिगृहे, यांतही हेच दोन मार्ग समोरासमोर उभे राहतात. कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या आगेमागे पेटतात. तेव्हा शाळेचे पहिले सत्र नुकतेच संपलेले असते, मुलाचे नाव गावाकडच्या हजेरीपटावर असते आणि मूल पारगावच्या किंवा ओझरच्या शिवारात, उसाच्या वाढ्यांच्या कोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असते.